कलम एकोणीसमधलं ‘परस्पर’

सापळेकाकूंचं आडनाव सापळे नव्हतं. त्या पूर्वी एका शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या आणि तिथल्या काचेच्या कपाटात टांगलेल्या माणसाच्या सापळ्यावरची धूळ पुसणं हे त्यांच्या कामांपैकी एक होतं. नाव पाडायला मुलांना तेवढं पुरे झालं. पुढे शाळेनं प्रयोगशाळा मोडून तिथे संगणक मांडले, काकूंच्या हातात निरोपाचं फूल दिलं आणि त्यांना घरी बसवलं. घरी बसणं हा काकूंचा पिंड नव्हता. वर्षभरात त्यांनी उंदीर, झुरळं आणि वाळवीचा बंदोबस्त करणाऱ्या एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घेतली आणि खरोखरचे सापळे लावू लागल्या. नाव तेच राहिलं, अर्थ तेवढा बदलला. नवी गिऱ्हाइकं ‘नमस्कार, सापळे मॅडम’ अशी सुरुवात करत आणि काकू दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडत नसत.

फ्रँचायझी म्हणजे काय, हे त्या फार सोपं करून सांगत. नाव कंपनीचं, औषध कंपनीचं, गाडीचा पिवळा रंग कंपनीचा, गुडघे आपले. आणि हद्द आपली. काकूंची हद्द कालव्याच्या पुलापासून सुरू होई, रेल्वे फाटकाशी वळे आणि गोदामांची रांग संपते तिथे संपे. एवढ्या भागात कंपनीच्या नावानं दुसऱ्या कुणी पिंजरा लावायचा नाही आणि काकूंनी त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, असं करारात लिहिलेलं होतं. काकूंनी ते चौदा वर्षं पाळलं. पुलापलीकडे राहणाऱ्या मावसबहिणीनं वाळवीसाठी बोलावलं, तेव्हा त्यांनी तिला तिकडच्या फ्रँचायझीवाल्याचा नंबर दिला आणि बहिणीचा अबोला सोसला.

हद्दीतली एकूण एक मोरी त्यांना तोंडपाठ होती. कुठल्या खानावळीचा आचारी पिठाच्या डब्याचं झाकण उघडं टाकतो, कुठल्या दवाखान्याच्या माळ्यावर विजेच्या तारांच्या कडेनं उंदरांची वाट आहे, कुठल्या छापखान्यात खळ खायला झुरळं जमतात, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. नव्या जागी गेल्या की आधी फवारणी नाही. आधी गुडघ्यांना पट्टे बांधायचे, काठीला लावलेला छोटा आरसा कपाटाखाली सरकवायचा, टॉर्च मारायचा. मग भिंतीच्या कडेनं टाल्कम पावडर भुरभुरवायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन पावलं वाचायची. प्रत्येक जागेला तास तरी जाई. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघू लागलं की काकू म्हणत, "उंदराला घाई नाही, मग मला कशाला?"

तर अशा या काकू एका सकाळी आपली पिवळी गाडी घेऊन रेल्वे फाटकाशी उभ्या होत्या, आणि समोरच्या बेकरीच्या दारात त्यांना आणखी एक पिवळी गाडी दिसली. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, आपली गाडी चोरीला गेली. मग लक्षात आलं की आपण आपल्याच गाडीत बसलो आहोत. तेवढ्यात बेकरीतून कंपनीचा गणवेश घातलेला एक माणूस हात पुसत बाहेर आला. तो पुलापलीकडचा फ्रँचायझीवाला होता. काकू खाली उतरल्या.

"रस्ता चुकलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो काकू. कंपनीनंच दिलंय हे काम." त्यानं मोबाइल पुढे केला. बिचारा ओशाळला होता. "या बेकरीवाल्यांच्या नव्वद शाखा आहेत. तुमच्या भागातल्या अकरा माझ्याकडे आल्यात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"किती वेळ होतात आत?"

"बारा मिनिटं. तेवढीच बसवलीत. त्यानंतर ॲप आपोआप बंद होतं."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथूनच कंपनीच्या विभागप्रमुखाला फोन लावला. या गृहस्थाला त्या मनातल्या मनात इस्त्रीसाहेब म्हणत, कारण त्याच्या सदऱ्याला सुरकुती पडलेली कुणी पाहिली नव्हती आणि बोलण्यालाही नव्हती.

"मॅडम, तुमचा गैरसमज होतोय," इस्त्रीसाहेब म्हणाला. "एवढ्या मोठ्या ग्राहकाला एकच करार हवा असतो, एकच बिल, तक्रारीला एकच माणूस. त्यांनी नव्वद ठिकाणच्या नव्वद लोकांशी बोलत बसायचं का?"

यात खोटं काही नव्हतं, हे काकूंनाही कळत होतं. "नका बोलू नव्वद जणांशी," त्या म्हणाल्या. "पण ग्राहक माझ्या हद्दीतला आहे."

"तिथेच तर चुकतंय. ग्राहक म्हणजे त्यांची मुख्य कचेरी, आणि ती तुमच्या हद्दीत नाही. तुमच्या हद्दीत फक्त त्यांची स्थळं आहेत."

"आणि उंदीर कुठे आहेत? मुख्य कचेरीत?"

"कलम एकोणीस वाचा, मॅडम. सगळं स्पष्ट लिहिलंय." फोन बंद झाला.

करारनामा प्लॅस्टिकच्या पिशवीत, शिवणयंत्राच्या खणात होता. चौदा वर्षांत तो दोनदाच बाहेर निघाला होता, दोन्ही वेळा सुया शोधताना. दुपारी जेवणाच्या टेबलावर तो उघडला तेव्हा घरातले तिघंही होते. काकू, काकूंचे यजमान आणि काकूंची थोरली नणंद. यजमान एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासत. नणंद लग्न न करता भावाकडेच राहिली होती आणि काकूंच्या धंद्याचा फोन सांभाळत होती. तिच्या तिखट जिभेला घाबरून लोक वेळ ठरवताना पाल्हाळ लावत नसत. अकरा स्थळांची हकिकत ऐकून ती म्हणाली, "मला उभ्या जन्मात तीन स्थळं आली. तुझ्या अंगणात एकदम अकरा आली, आणि एकानंही तुला विचारलं नाही."

यजमानांनी कलम मोठ्यानं वाचलं. "एकाहून अधिक स्थळे असलेल्या ग्राहकांच्या सेवेची व्यवस्था परस्पर ठरवण्यात येईल." त्यांनी मान वर केली. "अगं, मग झालंच की. परस्पर म्हणजे एकमेकांत. त्यांनी आणि तू मिळून ठरवायचं."

"मीही तेच समजून सही केली होती," काकू म्हणाल्या.

"दोघंही भोळे आहात," नणंद म्हणाली. "परस्पर म्हणजे न विचारता. तू माझी लोकरीची टोपली परस्पर शेजारणीला देऊन टाकलीस, तेव्हा आपण दोघींनी मिळून ठरवलं होतं का?"

"वन्सं, त्या टोपलीला सहा वर्षं झाली."

"झाली असतील. मला विचारलं नव्हतंस."

टोपलीचं खरंच चुकलं होतं. ज्या शब्दाच्या भरवशावर आपण चौदा वर्षं निर्धास्त झोपलो तो शब्द दोन्ही बाजूंनी उघडतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांना कंपनीचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

पुढच्या आठवड्यात त्या फाटकाजवळच्या त्या बेकरीत पाव घ्यायला गेल्या. पाव घ्यायला कुणी अडवू शकत नव्हतं. पैसे देता देता नजर सवयीनं खाली गेली. पिठाच्या पोत्यांमागे विषाची काळी पेटी ठेवलेली होती आणि तिची भोकं खोलीच्या मध्याकडे तोंड करून होती. या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की उंदीर भिंत सोडत नाही, तेव्हा पेटीची भोकं भिंतीला लागून हवीत. बारा मिनिटांत हे पाहायला कुणाला वेळ असणार? काकू पाव काखेत धरून दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. मग गल्ल्यावर बसलेल्या बेकरीच्या बाईंना म्हणाल्या, "जरा हात लावू?" बाईंनी मान हलवली. काकूंनी वाकून पेटी फिरवली, भिंतीला टेकवली आणि घरी आल्या.

बेकरीतल्या कॅमेऱ्यात ते दिसलं. आठ दिवसांत कंपनीचं पत्र आलं. ‘आपण ग्राहकाच्या स्थळी परस्पर हस्तक्षेप केल्याचे निदर्शनास आले आहे. आपल्या कराराच्या नूतनीकरणाचा फेरविचार करण्यात येत असून आपण सात दिवसांत समक्ष खुलासा करावा.’

करार दोन महिन्यांनी संपणार होता. नूतनीकरण झालं नाही तर पुढची दोन वर्षं त्या भागात हे काम कुणाच्याच नावानं करता येणार नव्हतं, तसंही त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे पूल ते फाटक, सगळं गेलं. पंचावन्नाव्या वर्षी काकू पुन्हा घरी बसणार होत्या, आणि या खेपेला फूलही मिळणार नव्हतं.

"माफी मागून टाक," यजमान हळूच म्हणाले. "दोन ओळींचा तर प्रश्न आहे."

"मागीन. पण मग ती पेटी पुन्हा उलटी फिरवून यावी लागेल. जाता का तुम्ही?"

यजमान गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून एक मोठं भिंग आणलं आणि काही न बोलता करारनाम्यावर ठेवलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, त्यामुळे काकूंना त्याचा अर्थ समजला.

तीन दिवस त्या बारीक अक्षरातला करार ओळ धरून वाचत गेल्या, जसा उंदीर भिंत धरून जातो तसा. पत्रातला एक शब्द त्यांना खुपत होता. कंपनीनं मला न विचारता केलं ते परस्पर, आणि मी बेकरीच्या बाईंना विचारून केलं तेही परस्परच? हा शब्द या कागदात आणखी कुठे कुठे बसलाय, ते त्या शोधत होत्या. एकतिसाव्या कलमाशी भिंग थांबलं. ‘मुदत संपण्यापूर्वी हा करार परस्पर संपुष्टात आणता येईल.’

ते वाचून काकूंना टेकडीवाले आठवले. हेही एक फ्रँचायझीवाले, टेकडीवरच्या घरांची हद्द त्यांची. वय एकोणसत्तर. वर्षातून एकदा कंपनी सगळ्यांना प्रशिक्षणाला बोलावी तेव्हा ते काकूंच्या शेजारच्या खुर्चीत बसत. दोन वर्षांपूर्वी त्यांना धंदा सोडून मुलाकडे जायचं होतं. कंपनीनं सोडलं नाही, एवढं काकूंनी ऐकलं होतं. कसं सोडलं नाही, ते विचारायला त्या टेकडी चढून गेल्या.

टेकडीवाले पंप खांद्यावरून उतरवतच होते. त्यांनी कपाटातून एक पत्र काढून दिलं. इस्त्रीसाहेबाची सही होती. ‘कलम एकतीसमधील परस्पर या शब्दाचा अर्थ उभयपक्षी संमतीने असा असून, कंपनीची संमती नसल्याने आपणास करार संपवता येणार नाही.’

"तुम्ही काही बोलला नाहीत?" काकूंनी विचारलं.

"काय बोलणार? घाबरलो. अजून पाच वर्षं आहेत माझी." त्यांनी गुडघा दाबला. "घेऊन जा हे पत्र. माझं नाव आलं तरी चालेल. आता मला घाबरायचाही कंटाळा आलाय."

काकू खाली उतरल्या ते जवळजवळ पळतच. आनंद झाला होता, नाही कशाला म्हणा? पण अर्ध्या वाटेवर पाय मंदावले. परस्परचा अर्थ संमतीनं असं कंपनीकडून कबूल करून घेतलं, तर आपली हद्द वाचते, पण मग हा म्हातारा अडकतो तो पक्काच. ज्याचं पत्र घेऊन लढायला निघालो त्याच्याच पायात बेडी घालायची, हे काकूंच्या गळ्याखाली उतरेना. घर येईपर्यंत त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं, पण घरी कुणाला सांगितलं नाही.

कंपनीची कचेरी काचेची होती. आतली माणसं बाहेरून दिसत, त्यामुळे सगळी कामात असल्यासारखी बसलेली असत. इस्त्रीसाहेबानं काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खुलासा आणलाय का, असं विचारलं. काकूंनी तीन कागद टेबलावर ओळीनं मांडले. कलम एकोणीस, कलम एकतीस आणि टेकडीवाल्यांचं पत्र.

"मी अर्थ विचारायला आलेय," त्या म्हणाल्या. "परस्पर म्हणजे काय?"

"मॅडम, संदर्भावर असतं ते."

"तुमच्या संदर्भावर. तुम्हाला काम काढून घ्यायचं असतं तेव्हा परस्पर म्हणजे न विचारता. आम्हाला सोडून जायचं असतं तेव्हा परस्पर म्हणजे तुम्हाला विचारून. एकाच कागदावर, बारा कलमांच्या अंतरावर. आणि खाली सही एकदाच घेतलीत."

इस्त्रीसाहेबानं टेकडीवाल्यांचं पत्र उचललं. स्वतःची सही पाहिली. खाली ठेवलं.

"तुम्ही निवडा," काकू म्हणाल्या. "मला दोन्ही चालेल. न विचारता असं म्हणत असाल तर मी आत्ता, या खुर्चीतून उठताना, करार परस्पर संपवते. माझ्यासारखे सोडून जाऊ शकणारे किती आहेत, तुमच्याकडे यादी असेल. त्यांना हा कागद मी स्वतः नेऊन दाखवीन. गाडी आहे माझ्याकडे. आणि संमतीनं असं म्हणत असाल, तर ती दुसरी पिवळी गाडी पुलाच्या पलीकडे न्या."

"ही धमकी आहे का?"

"नाही. पण तुम्हाला तशी वाटली, तरी माझी हरकत नाही."

इस्त्रीसाहेब उठून काचेपलीकडे गेला. तिथे तो फोनवर बराच वेळ बोलला, मग कायदा पाहणाऱ्या एका बाईंना भेटला, मग पुन्हा फोनवर बोलला. काकूंना सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. त्यांना भीती वाटत होती. त्या हात मांडीवर ठेवून ताठ बसून राहिल्या, कारण काचेतून तिकडूनही दिसत होतं.

तो परत आला तेव्हा सदऱ्याची बाही दुमडलेली होती. "ठीक आहे," तो म्हणाला. "संमतीनं. तुमचं नूतनीकरणही होईल. आपण असं धरून चालू की तुम्हाला विचारलं होतं आणि—"

"धरू नका. विचारा."

"म्हणजे?"

"चौदा वर्षांत कंपनीनं मला सूचना दिल्या, तारखा दिल्या, टोपी दिली. विचारलं कधी काही नाही. आता विचारा."

इस्त्रीसाहेबानं घसा साफ केला. "बेकरीच्या अकरा शाखांचं काम, महिन्यातून एकदा, प्रत्येकी बारा मिनिटं. घ्याल का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"तुम्ही नाही म्हणालात तर मला ते दुसऱ्याला द्यावं लागेल."

"माझ्या संमतीनं. आणि ती मी देत नाहीये."

बाहेर कुणाचा तरी प्रिंटर कागद ओढत होता. इस्त्रीसाहेबानं खुर्ची पुढे ओढली, वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. "मग कसं करायचं?" त्यानं विचारलं. "किती मिनिटं लागतील?"

एवढ्याशा प्रश्नानं काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या माणसापुढे यावं म्हणून त्यांना त्या पाण्याचाच राग आला. त्यांनी पदरानं डोळे टिपले.

"सांगते. सगळं सांगते. पण आधी टेकडीवाल्यांचं. त्यांना सोडायला तुमची संमती लागते ना? द्या. माझी संमती हवी असेल तर आधी त्यांना तुमची द्या."

"मॅडम, त्याचा इथे काही संबंध नाही."

"मग मी थांबते," काकू म्हणाल्या, आणि थांबल्या. त्यांनी टेबलावरचं पाणी संपवलं. पिशवीतून चष्म्याची पेटी काढली, चष्मा पुसला. घरी जायची घाई असलेली बाई असं काही करत नाही, हे इस्त्रीसाहेबालाही समजलं असावं. त्यानं एका मुलीला बोलावून मजकूर सांगितला.

दहा मिनिटांनी टेकडीवाल्यांच्या नावचं पत्र आलं. ‘आपला करार या महिनाअखेरीस परस्पर संपुष्टात आणण्यात येत आहे.’ काकूंनी पिशवीतलं भिंग काढून ते त्याखाली धरून दोनदा वाचलं. मग इस्त्रीसाहेबाच्या हातातलं पेन मागून घेतलं, त्यातला एक शब्द खोडला आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘त्यांना विचारून’. पत्र त्यांनी सहीसाठी त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं सही केली.

"आता घ्या लिहून," काकू म्हणाल्या. "पहिली बेकरी, रेल्वे फाटकाजवळची. एक तास."